बिघडलेल्या सुराचे वैद्य : उस्ताद अब्दुल करीम खाँ

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गवयाने गावे आणि कारागिराने वाद्य करावे, अशी आपल्याकडे कामाची वाटणी फार जुनी आहे. गवई वाद्याला हात लावतो तो वाजविण्यापुरता. तार तुटली, भोपळ्याला चीर गेली, तंबोरा बोलेनासा झाला की तो कारागिराकडे पाठवून द्यायचा, ही सर्वसाधारण रीत. परंतु महाराष्ट्रात एक असा गवई होऊन गेला, की ज्याने मैसूरच्या दरबारात मान मिळविला, ज्याच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजल्या, आणि तरीही बिघडलेला तंबोरा मांडीवर आडवा घेऊन त्याचा दोष शोधीत बसण्यात ज्याला कमीपणा वाटला नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ हेच ते गवई. त्यांच्या गाण्याविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. ते सांगण्याचा माझा अधिकार नाही. बिघडलेल्या सुराचा दोष शोधणारा माणूस म्हणून त्यांचे चरित्र पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. याच कैरानावरून घराण्याचे नाव किराणा असे पडले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याजवळ त्यांचे शिक्षण झाले. घरात गाण्याइतकीच वाद्यांची परंपरा होती आणि लहानपणी त्यांच्या हाती आली ती सारंगी. त्या काळी सारंगियाला मैफलीत मान नव्हता. तो गवयाच्या मागे बसायचा, त्याच्या गळ्यातून निघालेली जागा क्षणभराने आपल्या गजातून काढायची आणि गाणे संपले की मुकाट्याने सारंगीला गवसणी घालायची. पण या मागे बसण्याने एक मोठी गोष्ट साधते. सारंगीला पडदे नसतात. बोटाचे नख केसभर सरकले तरी सूर ढळतो, आणि तो ढळला हे आधी कानाला कळावे लागते. शिवाय मुख्य तारांखाली तीस-पस्तीस तरफा असतात. त्यांतील एक जरी बेसूर असली तरी सगळी सारंगी रडकी वाटते, आणि ती नेमकी कोणती हे हुडकून काढावे लागते. खाँसाहेबांचा कान घडला तो अशा वाद्यावर. पुढे त्यांनी सारंगी सोडून गाणे धरले, बीन आणि सतारही वाजविली. परंतु सारंगीने लावलेली ऐकण्याची सवय जन्मभर सुटली नाही.

तरुण वयात ते भावासह बडोद्यास आले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात गवई म्हणून राहिले. तेथे सरदार माने यांची कन्या ताराबाई हिच्याशी त्यांचे मन जुळले. धर्म वेगळा, घराण्यांची पायरी वेगळी. तेव्हा दोघांनी बडोदे सोडले आणि १८९८ च्या सुमारास मुंबई गाठली. दरबाराची नोकरी गेली, राजाश्रय गेला. पुढे मिरजेशी त्यांचा संबंध जडला आणि तो अखेरपर्यंत टिकला. हिराबाई बडोदेकर या त्यांच्या कन्येचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला.

मिरज हे गाव त्यांच्या स्वभावाला मानवले यात नवल नाही. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तेथे गाणे नांदत होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेथे होते, आणि विष्णू दिगंबर पलुस्करांनी त्यांच्याजवळ विद्या घेतली तीही तेथेच. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मिरजेत तंबोरे आणि सतारी घडत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे कारागीर, शस्त्रांचे काम कमी झाल्यावर वाद्यदुरुस्तीकडे वळले. फरीदसाहेब हे त्यांतील मूळ पुरुष. तलवारीचे पाते घासणाऱ्या हातांनी तंबोऱ्याची घोडी घासायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे भोपळे, तुणाचे लाकूड, आणि पिढ्यान् पिढ्या मुरलेला हात यांवर हा धंदा उभा राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या परंपरेमुळेच. अशा गावात खाँसाहेबांसारखा चोखंदळ कानाचा माणूस राहिला. वाद्य दुरुस्त करण्याची विद्या त्यांना स्वतःला अवगत होती, आणि त्यासाठी लागणारी हत्यारे ते जवळ बाळगीत, असे सांगतात.

आता तंबोऱ्यात एवढे बिघडण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न पडेल. चारच तारा, त्यांवर ना राग वाजवायचा ना गत. पण तंबोऱ्याचे सारे रहस्य घोडीत आहे. घोडी म्हणजे भोपळ्यावरील तबलीवर बसविलेली छोटी रुंद पट्टी, जिच्यावरून तारा जातात. तिची पाठ सपाट दिसते, पण ती अगदी किंचित उतरती असते. तार छेडली की ती या उतारावर हलकेच घासत, स्पर्श करीत कंप पावते. त्यामुळे मूळ सुराबरोबर त्याचे वरचे उपस्वरही उमटतात आणि आवाज गुंजारव करीत लांबत जातो. यालाच जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवितात. तो नेमक्या ठिकाणी आला की तार एकदम उघडते, केसभर पुढेमागे झाला की पुन्हा मिटते. जवारी चांगली लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडता, गांधार ऐकू येतो. जाणकार त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. यात चमत्कार काही नाही. कोणत्याही तारेच्या मूळ कंपनांच्या पाचपट कंपनांचा जो उपस्वर असतो, तोच हा गांधार. पण तो ऐकू येण्यासाठी घोडीचा उतार नेमका हवा.

असा तंबोरा बोलेनासा झाला तर काय करावे? नवशिक्याचा हात प्रथम कानशीकडे जातो. घोडी घासावी, म्हणजे जवारी मोकळी होईल, असे त्याला वाटते. जुने कारागीर मात्र उलट्या क्रमाने जातात. आधी तार पाहायची. ती जुनी, गंजलेली किंवा मुरगळलेली असेल तर घोडी कितीही चांगली असून उपयोग नाही. मग खुंटी घसरते का ते पाहायचे. मग खालचे मणी. मग दोरा काढून, पुसून, पुन्हा सावकाश सरकवून पाहायचा. मग घोडी जागेवरून हलली आहे का, भोपळ्याचा आणि दांडीचा सांधा सुटला आहे का, तबलीला कोठे चीर गेली आहे का, ते बोटाने वाजवून ऐकायचे. पावसाळ्याची हवा असेल तर वाद्य थोडे कोरडे होऊ द्यायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी ऐकायचे. हे सारे करूनही आवाज मिटलेलाच राहिला, आणि तारांनी घोडीवर घरे पाडलेली दिसली, तरच कानशीला हात घालायचा. कारण दोरा सरकला तर परत आणता येतो, तार बदलता येते. घासून गेलेली घोडी परत येत नाही. पूर्वी ही घोडी सांबराच्या शिंगाची करीत. आपल्या नवेगावबांधच्या जंगलात सांबरे आहेत, म्हणून ही गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते शिंग वापरता येत नाही. आता उंटाचे हाड किंवा कृत्रिम द्रव्ये वापरतात.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी घेते. केशोरी म्हटले की बाहेरच्या लोकांना आमची मिरची आठवते. पण दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की या साऱ्या झाडीपट्टीला नाटकांचे वेड लागते. नाटकात ऑर्गन आणि तबला तर असतोच, आता कोठे कोठे गिटारही आली आहे. आमच्या गावातील एका मुलाने गिटारचा आवाज पालटणारी, पायाने दाबायची पेटी घरीच जोडली. तिला पेडल म्हणतात. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन ट्रान्झिस्टर आणि काही बारीकसारीक सुटे भाग. गिटारच्या सुराची लाट ही पेटी वरून व खालून छाटते. त्यामुळे नवे उपस्वर निर्माण होऊन आवाज जाड आणि गुणगुणता होतो. म्हणजे तंबोऱ्यात घोडी जे काम करते, त्याचाच हा एक विजेचा भाऊबंद. पण त्याच्या पेटीतून आवाज निघे तो पिचका, तुटक, शेवटी फरफरत मरून जाणारा. त्याने लगेच दोन्ही ट्रान्झिस्टर बदलले. फरक पडला नाही. आणखी भाग बदलले, तरी नाही. शेवटी शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या सरांनी त्याला पहिल्या ठिकाणापासून सुरुवात करायला सांगितले : आधी बॅटरी, मग तारा, मग एकेक जोड. दोष निघाला तो बॅटरीच्या तारेच्या डाखात. तो वरून चकचकीत दिसत होता, पण आतून कच्चा होता. हे पाहताना मला खाँसाहेबांचे चरित्र वाचल्याचा अर्थ उलगडला. घोडी घासण्याची घाई सगळ्यांनाच होते.

खाँसाहेबांच्या आयुष्यात वाद्याच्या दोषाचा एक मोठा प्रश्न उभा राहिला, तो पेटीच्या निमित्ताने. पेटी म्हणजे हार्मोनियम हे युरोपातून आलेले वाद्य. तिच्या सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. हे सोयीचे खरे, पण त्यामुळे काही सूर आपल्या गाण्याच्या जागेवर बसत नाहीत. षड्जाची कंपने १०० धरली तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधाराच्या हिशेबाने मधल्या सप्तकातील गांधार १२५ कंपनांचा येतो. पेटीचा गांधार मात्र १२६ च्या आसपास असतो. फरक एका कंपनाचा. बाजारात कोणी तो मोजणार नाही, पण तंबोऱ्याजवळ बसलेल्या कानाला तो खड्यासारखा टोचतो.

सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांना या दोषाचे मूळ शोधायचे होते. त्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश त्यांचे सहकारी. परंतु गणित कागदावर राहून भागत नाही. कोणत्या रागात कोणता सूर नेमका कोठे लागतो, हे गाऊन दाखविणारा गळा हवा होता. तो गळा खाँसाहेबांनी दिला. इंग्रजी न येणारा, शाळेत फारसा न गेलेला गवई आणि कायदे-हिशेब जाणणारा अधिकारी एका सुराच्या जागेसाठी एकत्र बसले, हे दृश्यच मोठे आहे. या अभ्यासातून श्रुती-हार्मोनियम नावाची नवी पेटी तयार करविण्यात आली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे मांडली गेली. तिच्यावर वाद झाला. पंडित भातखंडे यांना हा मार्ग मान्य नव्हता. पेटी काही रूढ झाली नाही. आजही भजनात आणि मैफलीत बारा सुरांचीच पेटी वाजते. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर घातलेली बंदीही काही दशकांनी सैल करावी लागली.

मग हा सारा खटाटोप वाया गेला का? मला तसे वाटत नाही. पेटी सुधारण्याच्या प्रयत्नातून एक गोष्ट स्पष्ट झाली, की आपला सूर हा एका जागी खिळा ठोकून बसविलेला नसतो. दरबारीचा गंधार आणि तोडीचा गंधार दोन्ही कोमलच, पण दोन्ही एक नव्हेत. आणि दरबारीचा तर आंदोलत राहतो. तो कोणत्याही पट्टीत कसा बंद होणार? वाद्यातील दोष आणि वाद्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष दुरुस्त होतो, मर्यादा ओळखावी लागते. खाँसाहेबांनी पेटीशी भांडण मांडले नाही. ते आपल्या तंबोऱ्याकडे परत गेले.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले, आणि पुढे मुंबईतही शाखा काढली. धर्माने मुसलमान असलेल्या उस्तादाने विद्यालयाला आर्य हे नाव द्यावे आणि त्यात बहुतेक हिंदू मुलांना विद्या द्यावी, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. विद्यालय चालविण्यासाठी ते शिष्यांना घेऊन गावोगाव जलसे करीत. सवाई गंधर्व म्हणून पुढे गाजलेले रामभाऊ कुंदगोळकर, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, गणपतबुवा बेहेरे, दशरथबुवा मुळे ही त्यांची शिष्यमंडळी. कपिलेश्वरीबुवांनी तर आपल्या गुरूचे विस्तृत चरित्र मराठीत लिहून ठेवले आहे.

परंतु तंबोऱ्याचा दोष क्षणात ओळखणाऱ्या या माणसाला घरातला बिघाड सावरता आला नाही. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे या नावांनी महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. हिराबाईंना पुढची तालीम मिळाली ती मुख्यतः किराणा घराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याजवळ. दोष कोणाचा होता हे ठरविणारे आपण कोण? एवढे मात्र खरे, की ज्या गावी आपण नसतो तेथेही आपला सूर पोहोचतो. हिराबाईंच्या गाण्यात लोकांनी खाँसाहेबांची छाया ओळखली.

पुढचा काळ त्यांनी मिरजेत काढला. आवाज त्यांचा मुळात रुंद किंवा दणदणीत नव्हता. तो बारीक, चढा आणि टोकदार होता. दुसऱ्या एखाद्याने तो ओढून-ताणून भारदस्त करण्याचा प्रयत्न केला असता. खाँसाहेबांनी आपल्या गळ्याची मर्यादा ओळखून गाणेच तिच्यासाठी नव्याने मांडले. घाईची तान मागे ठेवली, एकेका सुरावर थांबत, त्याला सर्व बाजूंनी न्याहाळत राग वाढविण्याची रीत धरली. सूर लांब धरायचा म्हणजे त्यातला कणभर दोषही लपत नाही. म्हणूनच त्यांना तंबोरे बिनचूक लागत. मैसूरच्या दरबारी वारंवार जाणे झाल्याने त्यांनी कर्नाटक संगीतही जवळून ऐकले, त्यातील सरगमाची रीत आपल्या गाण्यात आणली, आणि त्यागराजांची एक कृतीही ध्वनिमुद्रित केली. १९३० नंतरच्या वर्षांत त्यांच्या तबकड्या निघाल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. तेवढ्यात राग उभा करायचा. त्यांची एक ठुमरी ऐकून वेडावलेला गदगचा एक मुलगा १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. शेवटी तो सवाई गंधर्वांच्या दारी पोहोचला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी.

१९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासकडे होते. तेथून पाँडिचेरीस जाण्यासाठी ते रेल्वेने निघाले. वाटेत प्रकृती बिघडली. सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला गेला. त्यांनी तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारीच्या सुरांत अल्लाची प्रार्थना म्हटली. थोड्या वेळाने त्यांनी देह ठेवला. तो दिवस २७ ऑक्टोबरचा. वय पासष्टीला टेकलेले. देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन करण्यात आला. ज्या दर्ग्यात ते उरुसाच्या वेळी सेवा म्हणून गात, तेथे आजही त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गवई येऊन गातात.

मित्रहो, मृत्यू समोर असताना माणूस काय करतो, यावरून त्याच्या आयुष्याची पारख होते. खाँसाहेबांनी प्रथम तंबोरा जुळविला, मग ईश्वराचे नाव घेतले. बेसूर वाद्यावर प्रार्थना म्हणणे त्यांना शेवटच्या घडीलाही मंजूर नव्हते.

आमच्या घरातून महाविद्यालयात येणारी मी पहिलीच. धान पिकविणाऱ्या घरात तंबोरा कोठून असणार? पण बिघडलेली गोष्ट सगळ्यांच्याच घरात असते. पंपाची मोटर असो, भजनी मंडळाची पेटी असो, नाहीतर स्वतःचा अभ्यास असो. काही नीट चालेनासे झाले की आपण ते फेकून देतो, दुसऱ्याला बोल लावतो, किंवा हाती कानशी घेऊन घासायला बसतो. खाँसाहेबांच्या चरित्रातून मी घेतला तो धडा अगदी साधा आहे. आधी नीट ऐकावे. सोपे कारण आधी तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. जे परत येणार नाही त्याला सर्वांत शेवटी हात लावावा. आणि दोष नसून ती मर्यादा आहे असे कळले, तर त्या मर्यादेत राहून आपले गाणे मांडावे. एवढे जमले तर गळा कोणाचाही असो, सूर आज ना उद्या जागेवर येतो.